मदत हवी आहे: फ्रान्समधल्या ओव्हर्नच्या ज्वालामुखी भागात ११ जणांना घेऊन कसं फिरावं?

नमस्कार मंडळी. आम्ही ल्योंला राहतो. मे महिन्यात नाशिकहून आई-बाबा, काका-काकू आणि दादाचं कुटुंब येतंय. चार दिवस क्लेरमाँ-फेराँ शहराजवळ गावात घर घेऊन राहायचं ठरतंय.

प्वी-द-डोम या ज्वालामुखी डोंगरावर (१४६५ मीटर) आगगाडी जाते, त्यामुळे बाबांच्या गुडघ्यांची काळजी मिटली. आम्ही तरुण मंडळी खेचरवाल्यांच्या जुन्या वाटेने चढू, वर भेटू. पण पारियू या ज्वालामुखीच्या विवराकडे जाणाऱ्या लाकडी पायऱ्या साठीच्या काकूंना झेपतील का? लांतेजीला जुन्या खाणीमुळे ज्वालामुखीचं पोट आतून दिसतं म्हणे. आठ वर्षांच्या पुतण्याला ते आवडेल की व्हल्केनिया हे ज्वालामुखींवरचं थीम पार्कच बरं?

दादा म्हणतो, ‘काळा दगड बघायला फ्रान्स कशाला? सह्याद्री आहे की!’ त्याला कोण सांगणार, आपला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा; इथला शेवटचा उद्रेक जेमतेम काही हजार वर्षांपूर्वीचा!

मुख्य अडचण गाडीची. नऊ आसनी एक गाडी आणि दोघं बसने, हे जमेल की सरळ दोन गाड्या घ्याव्यात? आणि काका-काकू शाकाहारी आहेत. त्रुफाद या इथल्या बटाटा-चीजच्या पदार्थातले डुकराच्या मांसाचे तुकडे वगळून देतात का कुठे?