मदत हवी आहे: नाशिकहून जर्मनीला फराळाचं पार्सल, तुपातल्या लाडवांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी, मी स्टुटगार्टला असतो, आई पंचवटीत. दिवाळीचं पार्सल पाठवायचंय. काळा मसाला, चिवडा, शंकरपाळी, बेदाणे आणि साजूक तुपातले बेसनाचे लाडू, सगळं मिळून ४ किलोच्या आसपास.

मागच्या वेळी एका कुरियरवाल्याने फॉर्मवर नुसतं 'फूड आयटम्स' लिहिलं, किंमत पण टाकली नाही, मग पार्सल इथे कस्टमला अडकलं आणि मला ऑफिसमधून अर्धा दिवस सुट्टी काढून तिथे जाऊन त्यांच्यासमोर डबे उघडून एकेक पदार्थ समजावून सांगावा लागला. आईने प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहिलं होतं, पण मराठीत :) सुटलं शेवटी, पण लाडू पार भुगा झाले होते.

मला माहिती आहे ते असं: घरच्यांनी घरच्यांना पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत असेल तर ड्युटी नाही, आणि मांस-दुधाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणून पेढे-बर्फी आधीच कॅन्सल. ताजा कढीपत्ता पण नाही.

यावेळी पोस्टाने स्पीड पोस्ट करायचा विचार आहे, आई एकटीच जाणार आणि तिला इंग्रजी फॉर्म जमत नाही, त्यामुळे मी इथून भरून प्रिंटला पाठवीन. इथे इंडियन स्टोअरमध्ये सगळं मिळतं हे माहितीये, पण आईच्या हातचंच हवंय.

नाशिकहून जर्मनीला कोणी अलीकडे पाठवलंय का? तुपातले लाडू दुधाच्या पदार्थात धरले का, आणि फॉर्मवर ते नेमके कसे लिहिले होते?