पीआरच्या (तिकडे कायम राहण्याचा परवाना) भरवशावर पोराला परदेशी पाठवायला घर गहाण टाकावं का?

यावलचा केळीवाला: जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने स्टडी परमिटवर मर्यादा आणली आणि खर्चापोटी दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ वर नेली. त्याच महिन्यापासून ब्रिटनमध्ये साध्या मास्टर्सला जाणाऱ्याला जोडीदार नेता येत नाही. जुलैत ऑस्ट्रेलियाने व्हिसाची फी ७१० डॉलरवरून १,६०० केली. तरी आपल्याकडच्या सेमिनारांत अजून तेच: जा, शिका, पीआर घ्या. बँक शेतजमीन सहसा तारण घेत नाही, मग राहतं घर नाहीतर एनए प्लॉट जातो. जूनच्या वादळात बाग आडवी झाली, तर हप्ता कुठून भरणार? माझं मत, नका पाठवू.

धुळ्याची लेक: दादा, अजिबात पटलं नाही. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत भारताचे ३,३१,६०२ विद्यार्थी होते, चीनपेक्षा जास्त. सगळेच फसले का? आणि एक बोलतेच. भावासाठी घर गहाण पडतं, तेव्हा कोणी नियम वाचत नाही. बहिणीने विषय काढला की सगळ्यांना नियम आठवतात.

यावलचा केळीवाला: ताई, बहिणीचं बोललात ते खरं आहे. पण तो आकडा जुना. २०२५ च्या मे अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या. सप्टेंबरात एच-१बी या तिथल्या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलर फी आली.

धुळ्याची लेक: ती फी तिथेच शिकून व्हिसा बदलणाऱ्याला लागू नाही, ऑक्टोबरात त्यांनीच स्पष्ट केलं. अर्धी बातमी ऐकून आईबाप घाबरतात आणि पोरीचं वर्ष जातं.

शहादेकर: तुम्ही दोघं इंग्रजी बोलणाऱ्या देशांतच अडकलात. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण फी नाही. वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला ठेवायचे, ते महिन्याला ९९२ असे आपल्यालाच परत मिळतात. एपीएस प्रमाणपत्र (आपल्या शिक्षणाच्या कागदपत्रांची पडताळणी) मात्र आधी लागतं, आणि नोकरी हवी तर जर्मन भाषा पक्की हवी. आमच्या नंदुरबारकडच्या पोरांना आदिवासी विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीच्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. तिच्यात फी, राहणं, विमानभाडं सगळं येतं. एजंट हे सांगत नाही, त्याला कमिशन फी भरणाऱ्या कॉलेजकडून मिळतं.

यावलचा केळीवाला: भाऊ, पण ते ११,९०४ युरो तरी आधी उभे करायचे ना? इथले भाव पाहता तेही कर्जच.

शहादेकर: कर्जच. पण चाळीस लाखांचं नाही. बीई चालू असतानाच पोराला जर्मनच्या क्लासला घाला, घराची कागदपत्रं नंतर काढा.