मदत हवी आहे: 'प्रेडिक्ट' आणि 'फोरकास्ट' दोन्ही 'अंदाज'च का?

नमस्कार मंडळी. भूकंपावरच्या एका इंग्रजी पुस्तिकेचं मराठी करतेय आणि एका वाक्यापाशी गाडी अडली आहे. भूकंप 'प्रेडिक्ट' करता येत नाहीत, पण 'फोरकास्ट' करता येतात, असं ते वाक्य. मी काय लिहिलं असेल? 'भूकंपाचा अंदाज देता येत नाही, पण अंदाज देता येतो.' चहा घेऊन आले, परत वाचलं आणि कपाळावर हात मारला.

शब्दकोशात दोन्हींपुढे अंदाज, भाकीत, भविष्य वर्तवणे हेच आलटून पालटून. 'भाकीत' लिहिलं की मला कुडमुड्या जोशी दिसतो. शिवाय पुढे 'फोरसी', 'अँटिसिपेट' आणि 'प्रोजेक्शन'ही आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचं आहे, कृपया मदत करा.

प्रतिसाद १
ताई, भूकंपवाल्यांपुरता हा फरक अगदी काटेकोर आहे. 'प्रेडिक्शन' म्हणजे कधी, कुठे आणि केवढ्या तीव्रतेचा, ही तिन्ही आधी सांगणं. ते आजवर कुणाला जमलेलं नाही. 'फोरकास्ट' म्हणजे शक्यता किती ते सांगणं. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात २०४३ च्या आत ६.७ किंवा त्याहून मोठा एक तरी भूकंप होण्याची शक्यता ७२ टक्के, असं अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने मांडलं आहे. तारीख नाही, नेमकं ठिकाण नाही.

प्रतिसाद २
हवामानात 'फोरकास्ट' हा शब्द मुद्दाम निवडून आणलेला आहे. डार्विन ज्या 'बीगल' जहाजावर होता त्याचे कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय. १८६१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांचे हवामानाचे अंदाज छापून येऊ लागले. त्यांना 'प्रॉफसी' (भविष्यवाणी) आणि 'प्रेडिक्शन' दोन्ही नको होते, कारण लोकांनी त्यांना पंचांगवाल्यांच्या रांगेत बसवलं असतं. निरीक्षण आणि आकडेमोड यांतून निघालेलं मत, या अर्थाने त्यांनी 'फोरकास्ट' धरला. हा शब्द जुनाच, आधी 'बेत आखणे' अशा अर्थाचा. म्हणजे तुमचा कुडमुड्या जोशी त्यांनाही छळत होता!

बाकीचे थोडक्यात. 'फोरसी'त माणसाला मनातल्या मनात दिसतं, बोलायची गरज नाही. 'प्रेडिक्ट'मध्ये मात्र बोलणं आलंच, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच 'आधी सांगणे'. 'अँटिसिपेट'मध्ये ओळखून तयारीला लागणं येतं: ढग बघून गच्चीवरचे पापड आत आणणं.

प्रतिसाद ३
'प्रोजेक्शन'चं 'प्रक्षेपण' करू नका हो, वाचणाऱ्याला श्रीहरिकोटा आठवेल. जन्ममृत्यूचे दर असेच राहिले तर लोकसंख्या इतकी होईल, असा तो 'जर-तर'चा हिशेब असतो. तसेच राहतील अशी हमी कुणी देत नाही.

आणि 'प्रॉफसी' हे नाम, क्रियापद 'प्रॉफसाय'. माझ्या पोराने तोंडी परीक्षेत नेमकी उलटापालट केली होती.

प्रतिसाद ४
आमच्या बुलढाण्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाणी सांगतात. त्याला पेपरवाले 'भाकीत' म्हणतात आणि वेधशाळेचा तो 'अंदाज'. एवढा भेद मराठीने आपणहून केलाच आहे की. 'भाकीत' टाकून देऊ नका, 'प्रेडिक्ट'ला तोच ठेवा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. पापड तर कायमचे लक्षात राहतील. प्रतिसाद ४, पटलं. पण नुसते दोन शब्द समोरासमोर ठेवले तर पुस्तिका वाचणाऱ्या शाळकरी मुलांना फरक कळणार नाही, म्हणून वाक्यच फोडलं: 'भूकंप कधी, कुठे आणि केवढा होईल याचं भाकीत करता येत नाही. पण एखाद्या भागात येत्या काही वर्षांत तो होण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधता येतो.' मूळ वाक्याच्या तिप्पट झालंय. संपादकांनी कात्री काढली तर परत येईनच इथे.