बाबांच्या आयुष्मान कार्डावर भलत्याचंच ऑपरेशन, काय करू?

सातारकर_पोरगी: बाबांना अँजिओप्लास्टी सांगितलीये. आरोग्यमित्र (हॉस्पिटलातला योजनेचा मदतनीस) म्हणतो कार्डावर आधीच गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मोफत उपचाराच्या 5 लाखातले बरेच गेले. अहो बाबा त्या हॉस्पिटलची पायरीसुद्धा चढले नाहीत, गुडघे दोन्ही ओरिजनल! मागे गावात एका शिबिरात आधार आणि अंगठा घेतला होता, तिथूनच झालं असेल का?

निवांत_नाना: शक्य आहे. आयुष्मानच्या हेल्पलाइनवर, 14555 ला तक्रार नोंदव, नंबर लिहून घे, शिवाय लेखी पण दे, नुसत्या फोनवर कोणी हलत नाही. आधारचं बायोमेट्रिक लॉक कर आजच.

नर्सताई: पैशापेक्षा रेकॉर्ड बघ गं. त्या माणसाचा रक्तगट, शुगर, गोळ्या बाबांच्या नावावर चढल्या असतील तर इमर्जन्सीत डॉक्टर तेच वाचणार. डिस्चार्ज कार्डाची कॉपी माग, सही पडताळ.

बंड्या७७: कार्डाला मोबाइल कुणाचा जोडलाय? 2023 च्या कॅग (सरकारी हिशेब तपासणारे) रिपोर्टात जवळजवळ साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल नंबरवर निघाले होते, नंबर काय तर दहा वेळा 9!! धन्य.

सातारकर_पोरगी: बघितलं, नंबर आमचा नाहीच. मेसेज तिकडेच जात असणार, म्हणून आम्हाला पत्ता नाही 😡