उबंटूच्या व्हीएमचं नेट मधूनमधून गायब, बाहेरून पिंग मात्र चालू

टॉवेलवाला_सोलापूर:
नमस्कार मंडळी, आठवडा झाला या प्रकारानं डोकं खाल्लंय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं मीच बघतो, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मीच. एका विंडोज पीसीवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीएम (पीसीच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) म्हणून उबंटू सर्व्हर चालतो, त्यात मारियाडीबी डेटाबेस आणि आमचं चलनाचं छोटं सॉफ्टवेअर. नेटवर्क ब्रिज्ड, म्हणजे व्हीएम नेटवर्कवर वेगळ्या मशीनसारखी दिसते, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) राउटरच देतो, कायम १९२.१६८.१.४० मिळतो.

आता दुपारी कधीतरी, रोज नाही, एसएसएच (दुसऱ्या पीसीवरून व्हीएममध्ये केलेलं लॉगिन) पटकन तुटतं, 'कनेक्शन रिसेट बाय पीअर' म्हणतं, अकाउंटवाल्या काकांचं सॉफ्टवेअर लटकतं, दोन-पाच मिनिटांनी आपोआप ठीक होतं आणि परत जायलंय. त्या वेळी व्हीएमच्या आतून ८.८.८.८ ला (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर) पिंग मारला तर सलग वीस-पंचवीस उत्तरंच येत नाहीत. पण काकांच्या पीसीवरून व्हीएमला पिंग मारला तर एकपण पॅकेट वाया जात नाही! लॉगमध्ये काही नाही, लिंक अप, आयपी जागेवर. व्हीएम रीस्टार्ट केली की थोडा वेळ लय भारी चालते. काका म्हणायलेत पहिलंच वहीवर बरं होतं.

हां, त्याच पीसीवर या व्हीएमचा एक क्लोन (हुबेहूब कॉपी) आहे टेस्टिंगला, पण क्लोन करताना नवीन मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा नंबर) घेतलाय, त्यामुळं तो विषय नाही.

जुळे_सोलापूरकर:
पीसी वायफायवर आहे का? वायफायवर ब्रिज केलं की असले खेळ होतात, बरीच वायफाय कार्डं व्हीएमचा वेगळा मॅक पुढं जाऊ देत नाहीत मग व्हर्च्युअलबॉक्सला मधे अदलाबदल करावी लागते. केबल लावून बघा.

टॉवेलवाला_सोलापूर:
केबलच आहे दादा. बदलून पण झाली. स्विचचं पोर्ट पण बदललं.

कडक_भाकरी:
दुपारीच होतंय म्हणता, स्विच पत्र्याखाली तर नाही ना? मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ ला माणूस हँग होतो, स्विचचं काय घेऊन बसलात. माझ्याकडं एक स्विच ओल्या टॉवेलशेजारी कूलरपुढं ठेवला तेव्हा चालला, तुमच्याकडं टॉवेलला तर तोटा नाही 😄

रूट_अण्णा:
भाकरी, स्विच तापला असता तर काकांचा पिंग पण गेला असता की. जरा नीट वाचा लोकहो, सगळं त्यानं प्रश्नातच लिहिलंय.

पॅकेट हरवलं तर एसएसएच आधी गोठतं आणि मग टाइमआउट होतं. 'रिसेट' याचा अर्थ पलीकडून कुणीतरी उत्तर दिलं, की बाबा हे कनेक्शन माझ्याकडं नाहीच. म्हणजे त्याच आयपीवर दुसरं कुणीतरी बसलंय. काकांच्या पिंगला पण तोच उत्तर देतोय म्हणून पिंग कधी पडत नाही. आणि तुमच्या व्हीएमच्या पिंगची उत्तरं राउटर त्या दुसऱ्याकडं पाठवतोय. रीस्टार्टनंतर बरं चालतं कारण चालू होताना व्हीएम 'हा आयपी माझा' असं ओरडते आणि सगळ्यांच्या एआरपी टेबलात (कुठला आयपी कुठल्या मॅकचा याची यादी) तिचा मॅक बसतो, पुन्हा कधीतरी दुसरा ओरडेपर्यंत.

माझा संशय तुमच्या क्लोनवरच. मॅक बदललात ते बरोबर, पण उबंटू सर्व्हरमधलं नेटवर्क सांभाळणारं सिस्टमडी-नेटवर्कडी आयपी मागताना राउटरला ओळख म्हणून मॅक देत नाही, मशीन-आयडीवरून (त्या उबंटूची स्वतःची ओळख) बनवलेला एक नंबर देतं. क्लोनमध्ये ती मशीन-आयडीची फाईल जशीच्या तशी आली. बरेच राउटर तो नंबर बघतात आणि म्हणतात, अरे हा तर जुनाच गडी, घे तुझा ४०.

गडबड चालू असताना काकांच्या विंडोजवर 'एआरपी' आणि पुढं 'डॅश ए' मारा, ४० समोरचा मॅक लिहून ठेवा, थोड्या वेळानं परत बघा. दोन्ही वेळा ०८-००-२७ नं सुरू होईल कारण व्हर्च्युअलबॉक्सचे मॅक तसेच असतात, शेवटचे आकडे बघा.

टॉवेलवाला_सोलापूर:
अण्णा पाया पडतो! शेवटचे आकडे बदलायलेत. सोबतचा पोरगा दुपारी जेवण झाल्यावर क्लोन चालू करतो, ते पण हेडलेस मोडमध्ये, त्यामुळं स्क्रीनवर खिडकीच दिसत नाही आणि मला वाटायचं बंद आहे. आत जाऊन बघितलं तर त्याचा पण आयपी ४०. आता काय करू?

रूट_अण्णा:
क्लोनमध्ये ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी फाईल रिकामी करा, उडवू नका, फक्त रिकामी, आणि रीबूट करा, नवीन आयडी बनतो. नाहीतर नेटप्लॅनमध्ये (उबंटूची नेटवर्क सेटिंग) त्या कार्डाखाली 'डीएचसीपी-आयडेंटिफायर' समोर 'मॅक' लिहा. एसएसएचच्या होस्ट की (ज्यावरून सर्व्हरची ओळख पटते) पण क्लोनमध्ये नव्या बनवा. त्या सारख्याच होत्या म्हणून तुटल्यावर परत जोडताना कधी क्लोनमध्ये शिरला असाल तरी 'ओळख बदलली' अशी वॉर्निंग आली नसणार.

आणि एक, घाबरवत नाही पण क्लोनमध्ये मारियाडीबी पण चालू असेल ना? पासवर्ड पण तोच?

टॉवेलवाला_सोलापूर:
हो... आत्ता बघितलं. काका चार दिवस ओरडत होते की टाकलेली चलनं उडायलीत, मी त्यांनाच म्हणत होतो तुम्ही सेव्ह दाबलं नसणार. ११ चलनं क्लोनच्या डेटाबेसमध्ये पडलीत. वर नंबर आपोआप पडतात, त्यामुळं तेच ११ नंबर खऱ्या डेटाबेसमध्ये दुसऱ्याच पार्ट्यांना गेलेत. मर्ज करायला काही स्क्रिप्ट आहे का?

कडक_भाकरी:
११ साठी कसली स्क्रिप्ट बे, हातानं टाक. आणि आधी काकांना चहा पाज.

टॉवेलवाला_सोलापूर:
मशीन-आयडी बदलली, क्लोनला ४३ मिळाला, दोन तास दोन्ही चालू आहेत, एकपण पिंग गेला नाही. चलनं टाकायलोय, काका शेजारी वही घेऊन बसलेत.