गोळी, स्टेंट आणि लाकडी घाणा : चोपड्याच्या नानांच्या टिपणाला उत्तर

अमळनेरच्या बाई :
नानांचे कालचे टिपण मी तीनदा वाचले आणि तिसऱ्या वाचनानंतरच लिहायला बसले, कारण त्याआधी बसले असते तर भाषेवर ताबा राहिला नसता. नानांचे म्हणणे थोडक्यात असे की, स्टेंट (हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) हा धंदा असल्याचे आता संशोधनानेच सिद्ध केले आहे. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांवरचे संशोधन कंपन्यांनी विकत घेतलेले आहे. आणि हे सगळे प्रयोग गोऱ्या लोकांवर झालेले असल्यामुळे आपण घाण्याचे तेल खावे, रोज चालावे आणि स्वस्थ राहावे.

नाना, स्टेंटविरुद्ध आपण ज्या ‘इस्केमिया’ चाचणीचा दाखला दिला आहे, ती २०२० साली प्रसिद्ध झाली, तिच्यात ५१७९ रुग्ण होते, ते ३७ देशांतले होते आणि त्या देशांत भारतही होता. निष्कर्ष आपल्या सोयीचा निघाला तेव्हा संशोधन खरे आणि गैरसोयीचा निघाला तेव्हा ते विकलेले, हा न्याय कुठला? शिवाय ती चाचणी स्थिर आजाराच्या रुग्णांपुरती होती. नीट औषधोपचार चालू असताना अशा रुग्णांवर आधीच अँजिओप्लास्टी (फुग्याने रक्तवाहिनी रुंद करून बहुधा स्टेंट टाकणे) किंवा बायपास केल्याने मृत्यू कमी होत नाहीत, एवढेच तिने दाखवले. नुकताच झटका आलेला माणूस तिच्यात घेतलेलाच नव्हता. आपले टिपण वाचून कोणी छातीत कळ येत असताना घाम पुसत फिरायला निघाला, तर त्याच्या घरच्यांना आपण काय सांगणार आहात?

चोपड्याचे नाना :
मला वर्गात बाकावर उभे केल्याबद्दल बाईंचे आभार. आता माझाही एक प्रश्न आहे. स्कॅन्डिनेव्हियातील १९९४ च्या ज्या चाचणीवर कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा सारा डोलारा उभा आहे, तिच्याबद्दल ‘मृत्यू तीस टक्क्यांनी घटले’ असे सर्वत्र सांगितले जाते. प्रत्यक्षात ४४४४ हृदयरुग्णांना सुमारे साडेपाच वर्षे तपासले, तेव्हा खोटी (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांपैकी शंभरातले बारा गेले आणि खरी गोळी घेणाऱ्यांपैकी आठ गेले. म्हणजे शंभरातले चार वाचले. उरलेल्या शहाण्णवांनी रोज गोळी गिळून काय मिळवले, हे कोणी सांगत नाही. त्या चाचणीचा खर्चही गोळी बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता. व्यापाऱ्याने स्वतःच्या तराजूवर कापूस मोजला तर आपण डोळे मिटून पावती घेतो का?

शहाद्याचा शेतकरी :
मला गोळीचे काही कळत नाही, स्टेंटचे मात्र कळते. माझ्या मोठ्या भावाला झटका आलेला नव्हता. पट्ट्यावर चालण्याच्या तपासणीत दोष दिसला, एवढेच. त्या खासगी रुग्णालयात आम्हाला सांगण्यात आले की आज रात्री स्टेंट टाकला नाही तर उद्याची खात्री नाही. कपाशीचे आलेले सगळे पैसे गेले आणि वहिनीच्या पाटल्या गहाण पडल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची किंमत तीस हजारांच्या आसपास बांधून दिली होती, आणि आमच्या बिलातही स्टेंटची ओळ अगदी नियमाप्रमाणेच होती. फक्त तिच्या खालच्या ओळी पानभर होत्या. त्या रात्री बाईंनी वर सांगितलेले एक वाक्य जरी आम्हाला कोणी सांगितले असते, तरी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले असते.

भुसावळकर (रेल्वेतून निवृत्त) :
शेतकरी भाऊंचे दुःख खरे आहे, पण माझी गोष्ट उलट आहे. मे महिन्यातील रात्री दोन वाजता मला घाम फुटला, आणि उकाड्यामुळे असेल म्हणून मी अर्धा तास कूलरसमोर बसून राहिलो. मुलाने ऐकले नाही. जवळच्याच रुग्णालयात ईसीजी काढून गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून दिले गेले आणि दुसऱ्या दिवशी मला पुढे हलवून स्टेंट टाकला. घाण्याचे तेल मीही आयुष्यभर खाल्ले होते, नाना.

अमळनेरच्या बाई :
भुसावळकरांना जे औषध मिळाले, त्या जातीच्या औषधाची मोठी परीक्षा १९८८ सालच्या ‘आयसिस–२’ चाचणीत झाली होती. तिच्यात १७,१८७ रुग्ण होते. स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारे औषध आणि साधी ॲस्पिरिन ही दोन्ही दिली तेव्हा पहिल्या पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराचे मृत्यू सुमारे ४२ टक्क्यांनी घटले. ‘आपले लोक वेगळे’ म्हणणाऱ्यांसाठी याच चाचणीत एक गंमत आहे. संशोधकांनी मुद्दाम रुग्णांची जन्मराशीप्रमाणे विभागणी करून दाखवली, तर मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिन लागू पडत नाही असे दिसले! मोठ्या संख्येचे हवे तितके तुकडे केले की हवे ते निघते, हे त्यांना दाखवायचे होते. आणि खरोखर आपल्याच लोकांवरील पुरावा हवा असेल, तर २०२० च्या ‘टिप्स–३’ मधील ५७१३ जणांपैकी जवळपास निम्मे भारतीय होते. रक्तदाबाची औषधे व स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध) एकत्र असलेली एक गोळी आणि जोडीला ॲस्पिरिन घेणाऱ्यांत शंभरातील ४.१ जणांना हृदयविकार, पक्षाघात यांसारखा आजार झाला, तर खोट्या गोळ्या घेणाऱ्यांत ५.८ जणांना.

शंभरात चार, हा नानांचा हिशेब मात्र बरोबर आहे आणि डॉक्टरांनी तो तसाच सांगायला हवा. पण ते चार कोण असतील हे आधी कळत नाही, आणि इस्केमियाचा खर्च तर अमेरिकन सरकारी संस्थेने केला होता. तराजूचा विषय निघालाच आहे, तर नानांचा स्वतःचा लाकडी घाणा आहे, हे त्यांनी टिपणात का लिहिले नाही?

चोपड्याचे नाना :
हे अपेक्षितच होते. माझा घाणा वडिलांच्या काळापासून आहे, आणि मी कोणाला तेल घ्या म्हणून हात जोडलेले नाहीत. तेलाचे काढलेच आहे तर ऐका. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९६८ ते १९७३ या काळात ९४२३ जणांवर मक्याच्या तेलाचा प्रयोग झाला. कोलेस्टेरॉल उतरले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. आणि त्याची बरीचशी माहिती संशोधकाच्या घरच्या तळघरात पडून राहिली. ती बाहेर काढून पुन्हा मांडायला २०१६ उजाडले. तोपर्यंत आमच्या गावांतले घाणे बंद पडले आणि घराघरांत रिफाइंडचे डबे आले. याला जबाबदार कोण?

शहाद्याचा शेतकरी :
नाना, सरकीच्या तेलाला नावे ठेवू नका, आमची कपाशी त्यावरच उभी आहे.

चोपड्याचे नाना :
सरकीचे नाव मी घेतलेलेच नाही! आपल्या मनातच ते होते, म्हणून आपल्याला ऐकू आले.

भुसावळकर :
तेल घाण्याचे की डब्याचे, यापेक्षा ते किती आणि कितव्यांदा तापलेले, हे पाहावे. शेवभाजीवर बोटभर तवंग असल्याशिवाय आपल्याकडे पाहुणचार झाला असे मानत नाहीत, आणि ती शेव कितव्या दिवसाच्या तेलात तळली आहे हे कोणीच विचारत नाही.

अमळनेरच्या बाई :
मिनेसोटाचा तो प्रयोग नानांनी बरोबर सांगितला आणि तळघराची गोष्टही लाजिरवाणीच आहे. पण त्यात मक्याचे तेल होते, घाण्याच्या तेलाचा त्यात थेंबही नव्हता. त्यावरून मक्याच्या तेलाचा दावा पडतो. शेंगदाण्याच्या घाण्याचा सिद्ध होत नाही.

चोपड्याचे नाना :
आकडे राहू द्या. माझ्या पत्नीच्या पिंडऱ्या कोलेस्टेरॉलच्या गोळीने दुखू लागल्या, गोळी बंद केली आणि दुखणे थांबले. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

अमळनेरच्या बाई :
वहिनींचे दुखणे खरे आहे, त्यावर मी शंका घेणार नाही. फक्त एक प्रयोग सांगते. त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या साठ जणांना वर्षभर काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने रिकामी बाटली देण्यात आली. खोट्या गोळीच्या महिन्यांतही त्यांचे दुखणे खऱ्या गोळीच्या सुमारे नव्वद टक्के होते. म्हणजे दुखत होतेच, पण बहुतेक दुखणे गोळीतल्या औषधाचे नव्हते. त्यांतल्या निम्म्यांनी नंतर गोळी पुन्हा सुरू केली. वहिनींना पूर्वी झटका आलेला असेल, तर परस्पर गोळी बंद ठेवू नका. डॉक्टरांकडून मात्रा किंवा गोळी बदलून घ्या.

चोपड्याचे नाना :
झटका चार वर्षांपूर्वी आला होता. विचारतो. बाईंच्या समाधानासाठी हेही जाहीर करतो की, मला स्वतःला झटका आल्यास दवाखान्यात नेण्यास माझी हरकत राहणार नाही, आणि तिथे पोहोचल्यावर मी घाण्याचा विषय काढणार नाही.

शहाद्याचा शेतकरी :
कोणत्या दवाखान्यात, तेही मुलांना आजच सांगून ठेवा. आमच्या वडिलांच्या वेळी गाडी दारात उभी होती, आणि धुळ्याला न्यायचे की सुरतेला, यातच पाऊण तास गेला.