मदत हवी आहे: छोट्या कारखान्यासाठी अर्धवेळ सीटीओ (तंत्रज्ञान प्रमुख) कसा निवडावा? (वडोदरा)

नमस्कार मंडळी. मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत आमचं गॅस्केटचं छोटं युनिट आहे, बाबांनी उभं केलेलं. आम्ही २६ जण. कॉम्प्युटरचं सगळं आजवर बाहेरच्या एका माणसावर सोपवलेलं होतं. मार्चअखेरीला हार्ड डिस्क गेली आणि तेव्हा कळलं, टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअपही त्याच डिस्कवर! अकाउंट्सच्या ताई तीन रात्री कागदी बिलांचे गठ्ठे घेऊन नोंदी करत बसल्या. वर कंपनीचं डोमेनही (वेबसाइटचा पत्ता) त्या माणसाच्याच नावावर निघालं.

१ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस (जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लागतं, आम्ही त्यात येतो. सिस्टीम बंद तर बिल निघत नाही आणि मालाची गाडी गेटवरच उभी.

पूर्णवेळ माणूस परवडत नाही, म्हणून महिन्याला चार-पाच दिवस येणारं कुणीतरी हवंय. दोघांना भेटलो. एक काका मोठ्या आयटी कंपनीतून निवृत्त झालेले; शॉप फ्लोअर न बघताच त्यांनी एका ईआरपीचं (कारखान्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) नाव सांगितलं. दुसरी तिशीतली मुलगी. तासभर स्टोअरमध्ये उभी राहून तिने इश्यू स्लिप (स्टोअरमधून माल दिल्याची चिठ्ठी) कशी भरतात ते पाहिलं. माझा कल तिच्याकडे, बाबांना काकांचा अनुभव मोठा वाटतो.

सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडून कमिशन घेत नाही, हे लेखी मागितलं तर वावगं दिसेल का? आधी तीन महिन्यांचाच करार करावा का? आणि तुम्ही पैसे दिवसावर देता की ठरावीक महिन्याला? ज्यांनी असं कुणी नेमलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पुढच्या सोमवारी दोघांनाही उत्तर द्यायचंय.